बंधनकारक नसलेलं मत

१९ नोव्हेंबर १९२८, सोमवार
शाळेतून आलो तर कोर्टाचा शिपाई ओटीवर बसलेला. समन्स. येत्या सोमवारपासून सेशन्स कोर्टात असेसर म्हणून हजर राहायचं. खुनाचा खटला आहे म्हणाला. सही केली.
सौ. दाराआडून ऐकत होती. शिपाई गेल्यावर बाहेर आली. "म्हणजे तुम्ही काय करायचं?"
"जज्जांच्या बाजूला बसायचं. सगळं ऐकायचं. शेवटी आपलं मत सांगायचं. दोषी की निर्दोषी."
"आणि जज्ज तसं करतात?"
"करतीलच असं नाही. मत बंधनकारक नसतं."
"मग बोलावतात कशाला?"
 हेडमास्तरांना रजेची चिठ्ठी लिहिली.
वाचनालयातल्या व्याख्यानाचं टिपण काढत होतो, ते तसंच राहिलं. विषय मीच दिला आहे: विद्या आणि शहाणपण. शहाणपण अनुभवाने येतं असं लिहिलं आणि खोडलं. अनुभव सगळ्यांनाच येतो.

२६ नोव्हेंबर, सोमवार
आम्ही तिघे. लाकडाच्या वखारीचे अंताशेट, आंब्याच्या बागा असलेले नानासाहेब आणि मी. नानासाहेब खुर्चीत बसताच हळूच म्हणाले, "मास्तर, झोप लागली तर कोपर मारा." जज्जसाहेबांनी बजावलं, खटल्याबद्दल बाहेर कोणाशी बोलू नका.
आरोपी राघो, सावर्ड्याकडच्या एका खेड्यातला. माझ्याच वयाचा असेल. धाकटा भाऊ सखाराम मुंबईला गिरणीत होता, तो गावी आला. दोघांत बांधावरच्या फणसावरून भांडण झालं. सखारामला झाड तोडून लाकूड विकायचं होतं, राघो तोडू देईना. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सखाराम गावाबाहेर चिऱ्याच्या खाणीत मेलेला. डोकं फुटलेलं. राघोने पाटलाला सांगितलं ते उजाडल्यावर.
सरकार म्हणतं, दगडाने मारून खाली लोटलं. राघो म्हणतो, मी मारलं नाही, मला तो मेलेलाच दिसला.
खटला एवढाच. पाहणारा कोणी नाही.
राघो उभा राहतो तेव्हा हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नाही. कठड्याला लावतो, मग काढून घेतो, जणू कठड्याला हात लावायची परवानगी नसावी.

२७ नोव्हेंबर, मंगळवार
एक म्हातारी साक्षीदार. गवताचा भारा घेऊन परतताना आपण राघोला खाणीकडून येताना पाहिलं म्हणाली. ते तो नाकारतच नाही. डॉक्टर म्हणाले, जखम दगड घातल्याने होऊ शकते, पडूनही होऊ शकते. नानासाहेब माझ्या कानाशी, "म्हणजे डॉक्टरही आपल्यासारखेच."
दुपारी राघोला विचारलं.
सरकारी वकील: भाऊ मेलेला पाहून काय केलंस?
"घरी आलू."
"कोणाला सांगितलंस?"
"नाय."
"मग घरी येऊन केलंस काय?"
"बैलांना पेंढा घातला."
वकील थांबले. सगळ्या कोर्टाला ते नीट ऐकू जाईपर्यंत थांबले. "भाऊ खाणीत मरून पडलाय आणि तू बैलांना पेंढा घातलास?"
"बैल उपाशी व्हते."
मागच्या बाकांवर हसू. जज्जसाहेबांनी वर पाहिलं.
"ओरडला का नाहीस?"
"सुचला नाय."
मला हसू आलं नाही. 
आमचा मुलगा दत्तू गेला त्या दिवशी, चार वर्षांपूर्वी चैत्रात, डॉक्टर बाहेर पडले आणि मी मागच्या दाराने विहिरीवर गेलो. रहाट चालवला. सगळ्या पोफळींना पाणी दिलं, एकूण एक आळं भरलं. शिपण्याची पाळी त्या दिवशी नव्हतीच. आत बायका रडत होत्या ते ऐकू येत होतं. कोणीतरी हाक मारायला आलं तेव्हा मी म्हटलं, एवढी ओळ होऊ दे.
हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर, बुधवार
वकिलांची भाषणं झाली. सरकारी वकिलांचा सगळा भर त्या पेंढ्यावर. "ज्याच्या काळजात पाप नाही तो माणूस किंचाळतो, गाव गोळा करतो. हा गोठ्यात जातो." चांगलं बोलले. आपला एखादा विद्यार्थी इतकं चांगलं बोलला असता तर मी बक्षीस दिलं असतं.
माझं मन निर्दोषीकडे जातं आहे. कारण विचारलं तर मला फक्त विहीर दिसते. हा काही पुरावा नाही. माझ्या घरातलं दुःख मी त्या माणसाला लावायचं, हा न्याय का?
उद्या मत द्यायचं.
संध्याकाळी दुसरंच घडलं. जेवायला बसलो.  सौ. वाढता वाढता म्हणाली, "दुपारी देवळात गेले होते. गुरवाकडून कौल लावून घेतला." मी मान वर केली. "उजवा दिला देवीने."
मी ताट सारलं. "पुढे एक शब्द बोलायचा नाही. मी कोर्टात बसलेला माणूस आहे. मला असलं काही ऐकवायचं नाही."
"अहो, पण ते..."
"एक शब्द नाही म्हटलं ना."
"बरं," म्हणाली. ताट उचलून नेलं.
देवीच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची आधी पडली तर होकार. आमच्या वडिलांनीही लावले असे कौल. मी कॉलेजात गेल्यापासून मानत नाही. तरी कानावर पडलेलं काढून कसं टाकायचं? तिने विचारलं काय असेल ते उघड आहे. ती मऊ मनाची. मी घरी काही बोलत नसलो तरी गावभर खटल्याची चर्चा आहे. "तो निर्दोष आहे का?" एवढंच विचारलं असणार. आणि उजवा म्हणजे हो.

२९ नोव्हेंबर, गुरुवार
शक्य तितकं जसंच्या तसं लिहितो.
पहाटेपासून एकच विचार. माझं मन निर्दोषीकडे झुकतंय ते माझं, की कालच्या पाकळीने झुकवलेलं? कालपर्यंत ते विहिरीमुळे झुकत होतं हे मला माहीत होतं. तरी आज ते दुप्पट झुकलेलं वाटलं. मग वाटलं, विहीर आणि पाकळी दोन्ही वजा करायला हव्यात. माझं घर, माझी बायको, माझी देवी, सगळं वजा. उरेल ते मत.
उरलं काय? भांडण. खाण. आणि रात्रभर गप्प बसलेला माणूस.
जज्जसाहेबांनी विचारलं. अंताशेट आधी. "दोषी. सख्खा भाऊ मेला आणि तोंडातून शब्द नाही, असं होतं का कधी?"
नानासाहेब म्हणाले, "निर्दोषी." कारण? "साहेब, ह्याला खोटं बोलायचं असतं तर ह्याहून बरं काहीतरी बोलला असता." लोक हसले. जज्जसाहेबही किंचित.
मग मी. इंग्रजीत बोललो, कशाला कोणास ठाऊक. दोषी. कारण म्हणून रात्रभराचं मौन सांगितलं. पेंढ्याचं नाव काढलं नाही. आवाज स्पष्ट होता. जज्जसाहेबांनी मान डोलावली, तीनदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी डोलावली होती तशी, आणि मला बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. बरं वाटलं.
राघो माझ्याकडे पाहत होता. इंग्रजी त्याला कळलं नाही. शेजारच्या शिपायाने सांगितलं तेव्हाही तो माझ्याकडेच पाहत राहिला.

१ डिसेंबर, शनिवार
जन्मठेप, काळं पाणी. जज्जसाहेबांनी निकालात म्हटलं की बहुसंख्य असेसरांचं मत त्यांच्या मताशी जुळतं. फाशी नाही, कारण आधी ठरवून केलेलं दिसत नाही.
राघोने शिपायाला विचारलं, "झाला?" शिपाई म्हणाला, झालं.
बाहेर वडाखाली एक बाई बसली होती. त्याची बायको, जानकी, असं नानासाहेब म्हणाले. रडत नव्हती. डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा नीट करत होती.
नानासाहेबांबरोबर चालत आलो. म्हटलं, तुम्ही इतकं पटकन कसं ठरवलंत?
"पान खाता खाता. मास्तर, मी आंबा पिकलाय का ते दाबून बघत नाही, वास घेतो. कधीकधी चुकतो."
"आणि चुकलात तर?"
"तर एक चोर सुटतो. माझ्या बागेतून रोजच सुटतात."
मी काही हसलो नाही. त्यांनी मग खांद्यावर हात ठेवला. हा माणूस सहसा तसं करत नाही.

९ डिसेंबर, रविवार
व्याख्यान झालं. वाचनालयाचा हॉल भरला. माझ्या नावापुढे अध्यक्षांनी "नुकतेच न्यायदानात सहभागी झालेले" असं जोडलं. मी तासभर बोललो. म्हटलं की विद्या माणसाला बाहेरून मिळते आणि शहाणपण आतून. शहाणा तो, ज्याला स्वतःच्या मनाचा कल ओळखता येतो आणि तो बाजूला ठेवता येतो. ह्या वाक्याला टाळ्या.
घरी येताना तेच वाक्य डोक्यात. कल बाजूला ठेवला म्हणजे तो खोटा होता असं कुठे ठरतं?

१५ डिसेंबर, शनिवार
सहावीच्या पोरांच्या वह्या. थंडी बरी आहे. विहिरीचं पाणी उतरायला अवकाश आहे, पण शिपणं सुरू केलं.
सौ. रात्रीची जेवत नाही. मार्गशीर्षातलं काही व्रत असेल. विचारलं नाही.

२ जानेवारी १९२९, बुधवार
बंदरावर गेलो होतो. मुंबईची आगबोट लांब उभी, पडावातून माणसं उतरत होती. चाकरमानी, ट्रंका, एका ट्रंकेवर गोंडा बांधलेला. सखारामही असाच उतरला असेल. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. एका न पाहिलेल्या माणसाच्या मरणाबद्दल एका चार दिवस पाहिलेल्या माणसाला मी...
जानकीच्या वतीने हायकोर्टात अपील केलंय असं कळलं. खर्च नानासाहेबांचा. त्यांनी मला सांगितलं नाही, अंताशेट म्हणाले, आणि वर, "नानाला पैसा जड झालाय."

२० जानेवारी, रविवार
आजच लिहिलं पाहिजे.
मार्गशीर्ष सरला, संक्रांत झाली, तरी सौ. एकवेळच जेवते. हाडं दिसायला लागली आहेत. आज दुपारी विचारलं, हे व्रत संपायचं कधी?
"संपायचं नाही."
"म्हणजे?"
"तुम्हीच म्हणालात ना, एक शब्द बोलायचा नाही."
मला कळेना. मग ती बोलली. खाली बघून, तांदूळ निवडता निवडता. मी कोर्टात जायला लागलो तसा घरात कोणाशी बोलेनासा झालो. दत्तू गेला तेव्हाही असाच झालो होतो. तिला वाटलं, जुनं वर आलंय. म्हणून ती देवळात गेली. खटल्याबद्दल तिने विचारलंच नव्हतं. तिच्या मनातही ते नव्हतं.
तिने विचारलं होतं, "मुलाला डॉक्टरकडे न्यायला मी उशीर केला, तो गेला तो दोष माझा का?"
देवीने उजवा दिला.
मी म्हटलं, अगं, उशीर दोघांनी केला. काढा देऊन बघू या म्हणालीस, मी हो म्हटलं.
"तुम्ही विचारलंत, डॉक्टरकडे नेऊ या का. मी म्हणाले, उद्या बघू."
"मी तुला कधी दोष दिला?"
"तोंडाने नाही. तुम्ही त्या दिवशी शिपणं करत राहिलात. मी दारात उभी होते. तुम्ही मान वर केली नाहीत. तेव्हाच मला कळलं, ह्यांनी मला दोषी धरलं."
मी सांगितलं. सुचलं नाही म्हणून गेलो. दुसरं काही करता येईना म्हणून गेलो. तुझ्याकडे पाहिलं असतं तर उभा राहू शकलो नसतो म्हणून पाहिलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.
तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय ते मला बरं वाटावं म्हणून. देवीने दिलाय तो दिलाय."
माझं मत बंधनकारक नाही.

२१ जानेवारी, सोमवार
शाळेत गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. नव्हता.
काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. तिने माझ्या शिपण्यावरून निकाल दिला, सरकारी वकिलांनी पेंढ्यावरून दिला तसाच. आणि मी?
मी त्या दिवशी एक पाकळी वजा केली जी त्या तागडीत नव्हतीच. तिच्याबरोबर विहीरही वजा केली. माझ्याजवळ दत्तूच्या मरणातून मिळालेली एकच गोष्ट होती, की माणूस असं करतो, मेलेलं माणूस पाहून गोठ्यात जातो, विहिरीवर जातो, आणि त्याच्या काळजात पाप असेलच असं नाही. हे पुस्तकात नाही. ती एकच गोष्ट मला ठाऊक होती आणि ती सांगण्यासाठीच बहुधा मला तिथे बसवलं होतं. मी ती बाहेर ठेवून आत गेलो, देवळात जाताना वहाणा ठेवतात तशी.
म्हणून राघो निर्दोष ठरतो असं नाही. तेही लिहिलं पाहिजे. त्याने मारलंही असेल. मारूनही पेंढा घातला असेल. मला माहीत नाही. पण तेव्हाही माहीत नव्हतं, आणि मी स्पष्ट आवाजात बोललो.

२७ जानेवारी, रविवार
एका जाणत्या वकिलांना विचारलं. असेसरने मागाहून मत बदललं तर त्याला काही किंमत? ते म्हणाले, "मास्तर, आधीच्यालाही नव्हती." मग माझा चेहरा पाहून, "जज्जांनी त्यांचं त्यांनी ठरवलं. तुम्ही कशाला झुरता?"
ही पळवाट मलाही सुचली होती. सौ. ने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मग बोलावतात कशाला.
तिला म्हटलं, मी पुन्हा कौल लावू का, माझ्या तोंडाने विचारतो. कॉलेजात शिकलेला मी, देवळात जायला निघालो. ती म्हणाली, "एकदा दिलेला पुन्हा विचारत नाहीत." आणि हसली. फार वाईट हसली.
रात्रीचं एकच ताट वाढलं जातं. मी अर्धं जेवतो. तिला ते दिसतं. त्याने काही होत नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार
हायकोर्टाने अपील फेटाळलं. राघोला लवकरच इथल्या तुरुंगातून हलवतील.
नानासाहेबांच्या बागेत गेलो. मोहोर चांगला आहे, कैऱ्या बोराएवढ्या झाल्या आहेत. जानकी तिथे राखणीला राहिली आहे, त्यांनीच ठेवली. लांब कलमांखाली पाला गोळा करत होती. मी जवळ गेलो नाही.
नानासाहेब आज विनोद करत नव्हते. म्हणाले, "ती मला विचारते, नवऱ्याने केलं का? मी म्हणतो, नाही केलं. तर म्हणते, तुम्ही दयाळू म्हणून म्हणता."
मग थोड्या वेळाने, "ती तुमच्याकडे येईल, मास्तर. मी अडवलं नाही."

१० मार्च, रविवार
जानकी आली.
ओटीखाली अंगणात उभी राहिली, वर येईना. मी खाली उतरलो. तिला वाटलं मी रागावून हाकलायला आलो, मागे सरली.
"मास्तर, तुमीच ना ते? केलाय म्हनून बोललेले?"
"हो."
"मग मना सांगा. केलान का नाय?"
बस म्हटलं, बसली नाही.
"माजा भाव म्हनतो, काडीमोड घे, दुसऱ्याशी पाट लाव. लोका म्हनतत, आता तो काय परत येनार नाय. त्यान केला असंल तर मी जातंय. माज्या दिराला मारनाऱ्याचा कुकू मना नको. सखाराम माज्या मांडीवर वाढलाय. आनि नसंल केला तर मी ऱ्हातंय. म्हातारी होयसर ऱ्हातंय. पन मना म्हाईत व्हया."
"नानासाहेब तर म्हणतात..."
"ते चांगले हायत. चांगला मानूस चांगलाच बोलनार. तुमाला माजा भला करायची काय गरज नव्हती. तुमी खरा बोलला असाल."
असं कोणी माझ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं. व्याख्यानानंतरही नाही.
मी म्हटलं, "मला माहीत नाही."
ती बघत राहिली. मग अगदी हळू, राग नव्हता त्यात, "मग त्या दिशी कसा म्हाईत व्हता?"
मी कट्ट्यावर बसलो. 
सौ. बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिने. मला ओलांडून पुढे गेली. "जेवलीस का गं?" म्हणाली. जानकी नको नको म्हणत होती, सौ. ने तिला मागच्या दारी नेलं, केळीच्या पानावर भात वाढला, समोर बसली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतो.
सौ. ने विचारलं, "पेंढा घातला म्हणे बैलांना. मग काय केलं त्याने?"
"गोठ्यातच बसला. मी दिवा घेऊन गेलू. मी म्हटला, जेवाय चला. तर म्हनाला, माज्याकडं बगू नको."
"आणि?"
"मी बगितला नाय. दिवा ठेवला नि परत इलू." मग, "कोर्टात ता मना कोनी इचारलाच नाय."
 जानकीचा भात संपला. सौ. ने आणखी वाढला.
माझ्याकडे बघू नको. खुनी माणूस असं म्हणेल. आणि ज्याचा भाऊ गेला तोही म्हणेल. मी म्हटलं नव्हतं, पण माझी पाठ तेच म्हणत होती.
जाताना जानकी म्हणाली, भाऊ शिमग्याला न्यायला येणार. त्याच्या आधी एकदा येते. "तवर तुमी इचार करा, मास्तर. मी तुमी सांगाल ता करीन."
मी तिला थांबवून म्हणायला हवं होतं की असं करू नकोस. माझ्या बोलण्यावर काही... म्हटलं नाही. तिला दुसरं कोण आहे? 

१३ मार्च, बुधवार
तुरुंगाच्या बाजूने गेलो. आत कळवलं, राघोला भेटायचं आहे. नाव विचारलं, नातं विचारलं. नातं काय सांगू? परत आलो. त्याला परवा नेलं असं मागाहून कळलं, म्हणजे आत होता कुठे, मी कोणाला भेटायला उभा होतो...

१७ मार्च, रविवार
पालखी नाचवणारी दोन पोरं आत्तापासून ढोल वाजवत फिरताहेत. शिमगा आठवड्यावर.
दोन उत्तरं तयार केली होती. एकेक उत्तर मनात तिच्यासमोर म्हणून पाहिलं. "नाही केलं" म्हटलं तर ती एका न परतणाऱ्या माणसासाठी जन्म काढेल, माझ्या शब्दावर, आणि तो शब्द माझ्या अपराधीपणातून आलेला असेल. "केलं" म्हटलं तर सुटेल. माझ्या शब्दावरच. "माहीत नाही" हे खरं, पण ते तिच्या हातात दिलं तर ती ते घेऊन जाणार कुठे?
संध्याकाळी शिपणं. रहाट चालवत होतो. पाठीमागे सौ. येऊन उभी राहिली. चार वर्षांत विहिरीवर ती ह्या वेळी येत नसे. मी रहाट थांबवला आणि वळून पाहिलं. तिने पदर खोचला, फावडं घेतलं आणि पाणी आळ्यात वळवायला लागली. मी पुन्हा चालवायला लागलो. एक ओळ झाली.
मग म्हणाली, "ती आता उद्या-परवा येईल. काय सांगणार आहात?"
म्हटलं, "तू सांग. तुला काय वाटतं?"
"मला विचारताय?"
"हो."
तिने फावडं टेकवलं. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी पाणी साचत होतं, भरून वाहायला आलं होतं, तरी ती ते वळवेना.
"पेंढा घातला, इथवर मला कळतं," म्हणाली. "पुढचं... थांबा जरा."
मी रहाट थांबवला. हे लिहीपर्यंत ती बोललेली नाही.
आत चूल पेटली आहे. आज रात्रीला तांदूळ एकाचे धुतलेत की दोघांचे, ते पाहायला अजून गेलो नाही.